वनबालवाडी

वनबालवाडी म्हणजे साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांची, इमारतीऐवजी जंगलात भरणारी बालवाडी. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे आणि जर्मनीत ती विशेष रुजली. सहलीसाठी अधूनमधून मुलांना रानात नेणाऱ्या शाळांहून ही वेगळी, कारण इथे पाऊस असो की बर्फ, मुले रोज बाहेरच असतात.

डेन्मार्कमध्ये 1950 च्या दशकात एला फ्लाटाऊ यांनी स्वतःच्या आणि शेजारच्या मुलांना घेऊन रानात जायला सुरुवात केली आणि त्यातून पालकांच्या पुढाकाराने बालवाडी उभी राहिली. जर्मनीत उर्सुला झुबे यांनी 1968 मध्ये वीसबाडेन येथे असा पहिला प्रयोग केला. त्याचा प्रसार मात्र बरीच वर्षे झाला नाही. 1993 मध्ये डेन्मार्कच्या सीमेलगतच्या फ्लेन्सबुर्ग शहरात केर्स्टिन येब्सेन आणि पेट्रा येगर यांच्या वनबालवाडीला सरकारी मान्यता मिळाली, त्यानंतर अशा बालवाड्या भराभर वाढल्या. आज जर्मनीत त्यांची संख्या हजाराच्या वर आहे.

जर्मन वनबालवाडीत सामान थोडेच असते. चाकांवरची एक लाकडी खोली, कोरडे कपडे, प्यायचे आणि हात धुवायचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी. सकाळी मुले गोल करून गाणी म्हणतात, हजेरी होते आणि आज कुठे जायचे ते ठरते. नेहमीच्या जागांना बहुधा मुलांनीच नावे दिलेली असतात. वाटेत एखादी गोगलगाय दिसली की सगळी वरात तिथेच थांबते, आणि शिक्षिकाही घाई करत नाहीत.

विकतची खेळणी जवळपास नसतात. आडवा पडलेला ओंडका सकाळी जहाज होतो, दुपारी दुकान. त्या दुकानात ओकची फळे पैसे म्हणून चालतात, मग ती मोजावी लागतात, कमी पडली तर भांडणही होते. फांद्या एकमेकींत अडकवून गोलाकार बैठक रचणे हा आवडता उद्योग. लांब फांदी एकट्याला हलत नाही, म्हणून दुसऱ्याला हाक मारावीच लागते. पावसाळी दिवसांत चिखलाचा स्वयंपाक, ओहोळावर बांध घालणे, उतारावरून घसरणे चालते. चाकूने काठी तासायलाही शिकवतात, पण त्याची शिस्त कडक असते. आधी खाली बसायचे, शेजाऱ्यापासून हातभर अंतर ठेवायचे, पाते अंगापासून दूर चालवायचे, आणि चाकू हातात असताना चालायचे नाही.

नियम मोजकेच, पण त्यांत सूट नाही. शिक्षिकेची हाक ऐकू येईल इतक्याच अंतरावर जायचे, ठरलेल्या थांब्यापाशी इतरांची वाट पाहायची. रानातले काहीही न विचारता तोंडात घालायचे नाही. यामागे विषारी फळांइतकीच कोल्ह्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या पट्टकृमी या परजीवी जंताची धास्ती आहे. गोचिडीतून होणारे आजार ही दुसरी चिंता, म्हणून लांब बाह्यांचे कपडे घालतात आणि घरी गेल्यावर पालक मुलांचे अंग तपासतात. थंडीपेक्षा वाऱ्याला अधिक घाबरतात. वादळात फांद्या कोसळतात, तेव्हा मुलांना पर्यायी खोलीत नेतात.

अशा बालवाडीत धडे नसतात असे म्हणणे अर्धवट ठरेल. गोष्टी, मोजणी, रंगकाम सारे असते, फक्त त्याला वेळापत्रकाची चौकट सैल असते. तोल सांभाळणे, चढणे, एकमेकांशी बोलून काम वाटून घेणे यात या मुलांचा भरपूर सराव होतो, हे उघड आहे. शाळेत गेल्यावर ती किती पुढे असतात, याबद्दलचे दावे मात्र जपून घ्यावेत. मुलाला बर्फात पाठवायला तयार असलेले पालक मुळातच वेगळे असतात, त्यामुळे यश रानाचे किती आणि घराचे किती, हे वेगळे काढणे सोपे नाही.

महाराष्ट्रात याच्याशी नाते सांगणारा, पण वेगळ्या गरजेतून आलेला प्रयोग म्हणजे कोसबाडची कुरणशाळा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते आताच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला नेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली. युरोपात शहरी मुलांना मुद्दाम रानात न्यावे लागते. इथली मुले रानातच होती, त्यांच्यापर्यंत शिक्षिका पोहोचायच्या होत्या.