मॉरिशसच्या मॅनेजमेंट कंपन्या आणि रहिवासी प्रमाणपत्राचा वाद : पार्श्वभूमी

परदेशी गुंतवणूकदारांसाठी मॉरिशसमध्ये कंपन्या उघडून त्यांचा कारभार सांभाळणाऱ्या, पोर्ट लुई आणि एबेनमधल्या मॅनेजमेंट कंपन्या आज जे काम करतात ते त्या तसंच का करतात, हे मॉरिशसच्या कायद्यांपेक्षा भारताच्या एका परिपत्रकावरून लवकर कळतं. ते परिपत्रक १३ एप्रिल २००० चं.

त्याआधीचं थोडक्यात. भारत-मॉरिशस कर करार १९८२ चा. शेअर विकून झालेल्या नफ्यावर विक्रेता जिथला रहिवासी त्याच देशाने कर घ्यायचा, हे कलम त्यात पहिल्यापासून होतं. मॉरिशस मात्र असा कर घेत नाही. दहा वर्षं त्या कलमाकडे कोणाचं फारसं लक्ष नव्हतं. १९९२ साली मॉरिशसने ऑफशोअर, म्हणजे देशाबाहेर व्यवहार करणाऱ्या कंपन्यांसाठीचा, कायदा केला आणि त्याच वर्षी भारताने शेअर बाजार परदेशी गुंतवणूक संस्थांना खुला केला. मग नोंदणी, परवान्याचा अर्ज, कंपनी सचिवाचं काम, हिशेब, बँक खातं आणि स्थानिक संचालक हे सगळं एकाच छपराखाली देणाऱ्या परवानाधारक कंपन्यांना, म्हणजे मॅनेजमेंट कंपन्यांना, मागणी आली.

२००० च्या सुरुवातीला मुंबईतल्या काही प्राप्तिकर अधिकाऱ्यांनी या गुंतवणूकदारांना नोटिसा काढल्या. कंपनी मॉरिशसची असली तरी निर्णय दुसरीकडे होतात, म्हणून कराराचा लाभ नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बाजार घाबरला. त्यावर निघालेल्या परिपत्रकाने सांगितलं की मॉरिशसच्या कर खात्याचं रहिवासी प्रमाणपत्र, म्हणजे टीआरसी, रहिवास आणि लाभधारक मालकी (म्हणजे उत्पन्नाचा खरा मालक तीच कंपनी असणं) या दोन्हींसाठी पुरेसा पुरावा आहे. मे २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केलं; ऑक्टोबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवलं. करारात मनाई नसेल तर त्याचा लाभ घेण्यासाठी तिसऱ्या देशातून येणं बेकायदा नाही, असा त्या निकालाचा गाभा होता.

गुंतवणूकदाराला निश्चितता हवी होती, ती मिळाली. या व्यवसायाचं मात्र त्याने नुकसान केलं, असंच म्हणावं लागतं. प्रमाणपत्र हातात असलं की पुढे कोणी विचारणार नाही, या भरवशावर बऱ्याच ठिकाणी संचालक मंडळाची बैठक म्हणजे आधीच तयार मसुद्यावर सही, इतकंच उरलं. २०१३ च्या अर्थसंकल्पात ‘प्रमाणपत्र आवश्यक, पण पुरेसं नाही’ अशा अर्थाची तरतूद आली तेव्हा बाजार पुन्हा कोसळला आणि दुसऱ्याच दिवशी सरकारला खुलासा करावा लागला.

वास्तविक मॉरिशसचा स्वतःचा कायदा कधीच एका कागदावर थांबलेला नव्हता. कंपनीचा कारभार मॉरिशसमधून चालतो का, हे ठरवताना किमान २ सक्षम रहिवासी संचालक, बैठकीत त्यांचा सहभाग, मुख्य बँक खातं, हिशेबाची दप्तरं आणि लेखापरीक्षण या सगळ्या गोष्टी मॉरिशसमध्ये आहेत का ते पाहिलं जातं. फाइल फसते ती तारखांत. शेअर खरेदी करारावर मुंबईत सही होते ५ तारखेला आणि त्याला मंजुरी देणारा ठराव निघतो १२ तारखेला. इतिवृत्तात चर्चा नसते, फक्त ‘मंजूर’ असतं. बैठकीपूर्वी मूल्यांकन अहवाल संचालकांना पाठवल्याचा ईमेल सापडत नाही. खात्यावर सहीचा अधिकार एकट्या परदेशी प्रवर्तकाला दिलेला असतो. कारभार मॉरिशसबाहेरून चालतो असा संशय घ्यायला तपासणीत यातली एक गोष्ट हाती लागली तरी पुरते.

कर करारातल्या मे २०१६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या भारतीय कंपन्यांच्या शेअरवरच्या नफ्यावर कर लावण्याचा हक्क भारताकडे आला. मार्च २०१९ पर्यंत भारतीय दराच्या निम्मा दर होता, पण मागच्या १२ महिन्यांत मॉरिशसमध्ये किमान १५ लाख मॉरिशस रुपये खर्च दाखवणाऱ्यालाच. १ जानेवारी २०१९ पासून मॉरिशसने ऑफशोअर कंपन्यांना मिळणारे जुने दोन प्रकारचे ग्लोबल बिझनेस परवाने बंद केले. १६ ऑक्टोबर २०१७ पर्यंत परवाना मिळालेल्यांना ३० जून २०२१ पर्यंत मुदत होती. परदेशात कर भरला असं धरून मिळणारी ८० टक्के गृहीत करसवलत जाऊन ठरावीक उत्पन्नावर ८० टक्के आंशिक सूट आली आणि तिच्यासाठी मुख्य काम, योग्य माणसं व पुरेसा खर्च देशातच असण्याची अट लागली. फेब्रुवारी २०२० ते ऑक्टोबर २०२१ हा देश एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाच्या मनी लाँडरिंगविषयक करड्या यादीतही, म्हणजे त्रुटींमुळे जादा देखरेखीखालच्या देशांत, होता. त्या काळात खऱ्या मालकाची ओळख आणि पैशाचा उगम तपासण्याचं काम कितीतरी वाढलं.

मार्च २०२४ मध्ये मुख्य हेतूच्या कसोटीसाठी करारातल्या नव्या दुरुस्तीवर सह्या झाल्या; करलाभ हा व्यवहाराचा एक मुख्य हेतू असेल तर तो लाभ नाकारायचा, अशी ही कसोटी. ही कसोटी जुन्या, म्हणजे एप्रिल २०१७ पूर्वी घेतलेल्या, संरक्षित शेअरना लागणार नाही, असं भारताने जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं. त्यामुळे आज मॅनेजमेंट कंपनीचं सर्वांत किचकट काम जुन्या दप्तरातच आहे : एप्रिल २०१७ पूर्वीचा प्रत्येक लॉट वेगळा ठेवायचा, खरेदीची तारीख आणि पैसे गेल्याचा बँकेचा पुरावा जोडायचा. बोनस शेअर आणि नंतर इक्विटीत बदललेले प्रेफरन्स शेअर यांची नोंद तर स्वतंत्रच हवी, कारण त्यांची संपादनाची तारीख कोणती धरायची यावरच वाद होतात.