छत्रीखालचा भाडेकरू: दोमियेंच्या एका चित्राची पार्श्वभूमी

छप्पर गळतंय. भाडेकरू अंथरुणातच, डोक्यावर उघडी छत्री धरून घरमालकाच्या नावाने बोटं मोडतोय, कारण दुरुस्ती करायची तर पाऊस थांबल्यावरच, असं मालकाचं म्हणणं. फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिये यांनी १८४७ मध्ये पॅरिसच्या 'ल शारिव्हारी' या दैनिकासाठी भाडेकरू आणि घरमालकांवर जी चित्रमालिका काढली, त्यातलं हे चित्र. तेव्हा पॅरिसची वस्ती दहा लाखांच्या पुढे गेली होती.

आधी दोमियेंचा नेम थेट राजावर होता. १८३१ मध्ये त्यांनी लुई-फिलिपला रयतेचा पैसा गिळणाऱ्या राक्षसाच्या रूपात काढलं आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. एप्रिल १८३४ मध्ये पॅरिसच्या त्रान्सनोनँ रस्त्यावरच्या एका घरात शिरून सैनिकांनी रहिवाशांना ठार मारलं. दोमियेंच्या चित्रात पलंगाला टेकून पडलेलं एका माणसाचं प्रेत आहे, अंगात रात्रीचा सदरा आणि देहाखाली मेलेलं तान्हं मूल. मजकूर फक्त रस्त्याचं नाव आणि तारीख, एवढाच.

जुलै १८३५ मध्ये राजावर प्राणघातक हल्ला झाला आणि सप्टेंबरात नवे कायदे आले. लेख आधी दाखवायची सक्ती नव्हती, चित्राला मात्र छापण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागू लागली. अक्षर न येणाऱ्यालाही चित्र कळतं, हीच सरकारची धास्ती. मग दोमिये वकील, डॉक्टर, नवरा-बायको, घरमालक यांच्याकडे वळले. ही माघार होती असं मला मुळीच वाटत नाही. गळक्या खोलीतल्या माणसाची तक्रारही सत्तेविषयीचीच असते, आणि ती दोमियेंइतक्या जवळून फार थोड्यांनी पाहिली.

रोज नवं चित्र देणं जमलं ते शिळाछापामुळे. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, वर शाई फिरवायची. ओल्या भागावर ती धरत नाही, रेघांवर बसते. कोरीवकाम करणारा कारागीर मध्ये लागत नाही, त्यामुळे दोमियेंच्या हाताची रेघ जशीच्या तशी कागदावर उतरे. चित्राखालच्या ओळी बहुधा दुसरेच कुणी लिहीत.

१८४१ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने 'लंडनचा शारिव्हारी' असं उपनाव घेतलं आणि त्याच वळणावर १८५४ मध्ये मुंबईत 'पारसी पंच' सुरू झाला. दोमियेंनी जवळपास चार हजार शिळाचित्रं केली. छपाई झाली की दगड घासून पुन्हा वापरात येई, म्हणून आज हाती लागतात ते बहुतेक वर्तमानपत्राचेच कागद, मागच्या बाजूचा मजकूर चित्रातून उमटलेले.