चित्रपट पुरस्कार सोहळ्याचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण

चित्रपट व्यवसायातील वार्षिक गुणगौरवाचा समारंभ, शक्यतो तो घडत असतानाच, घरोघरच्या पडद्यावर पोहोचवणारा कार्यक्रमप्रकार. विजेत्यांची यादी दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात दोन मिनिटांत वाचून होते, तरीही कोट्यवधी माणसे तीन-साडेतीन तास हा समारंभ पाहत बसतात. तेव्हा त्याची प्रेक्षणीयता यादीत न मावणाऱ्या गोष्टींमध्ये शोधावी लागते. चित्रपटातली माणसे एरवी आपल्याला दिसतात ती दुसऱ्याने लिहिलेले संवाद बोलताना, अनेकदा चित्रित केलेल्या दृश्यांतून निवडलेल्या एखाद्या तुकड्यात आणि संकलकाच्या हाताखालून गेल्यावर. पुरस्काराच्या रात्री हीच माणसे संहितेविना, एकाच प्रयत्नात आणि आपल्याच व्यवसायबंधूंच्या नजरेसमोर उभी असतात. हा उघडेपणा ज्या सोहळ्याला जपता येतो तो पाहण्याजोगा होतो. अमेरिकेतील अकॅडमी पुरस्कारांचा, म्हणजेच ऑस्करचा, प्रक्षेपणाचा इतिहास दीर्घ आणि तपशीलवार नोंदलेला असल्याने या नोंदीतील उदाहरणे त्याच सोहळ्यातून घेतली आहेत.

पहिला ऑस्कर समारंभ 16 मे 1929 रोजी हॉलिवूडमधील रूझवेल्ट हॉटेलात झाला. सुमारे 270 निमंत्रितांच्या भोजनानंतर अवघ्या 15 मिनिटांत सर्व पुरस्कार देऊन झाले. त्यात उत्सुकतेला जागाच नव्हती, कारण विजेत्यांची नावे तीन महिने आधी जाहीर झाली होती. पुढे निकाल समारंभापर्यंत गुप्त ठेवण्याची पद्धत आली. परंतु वृत्तपत्रांना छपाईच्या सोयीसाठी यादी आगाऊ दिली जात असे आणि ती रात्री 11 पूर्वी छापायची नाही असा संकेत होता. 1940 मध्ये लॉस अँजेलिस टाइम्सने सायंकाळच्या आवृत्तीतच निकाल छापला. निमंत्रित समारंभाला पोहोचले ते कोण जिंकले हे वाचूनच. मोहोरबंद लिफाफ्याची प्रथा त्यानंतर, 1941 पासून सुरू झाली. कागदाचे हे छोटेसे पाकीट पुढे साऱ्या कार्यक्रमाचा कणा ठरले, आणि दूरचित्रवाणी त्या सोहळ्यापर्यंत पोहोचण्याच्या बारा वर्षे आधी ते तयार होते. पहिले दूरचित्रवाणी प्रक्षेपण एनबीसी वाहिनीने 19 मार्च 1953 रोजी केले. समारंभ हॉलिवूड आणि न्यूयॉर्क अशा दोन रंगमंचांवर एकाच वेळी चालला होता. 1966 पासून तो रंगीत दिसू लागला.

लिफाफा उघडण्याचा क्षण प्रत्यक्षात चार-पाच सेकंदांचा असतो, पण त्यात जेवढे घडते तेवढे पुढच्या अर्ध्या तासातही घडत नाही. पडद्याचे पाच भाग होतात आणि पाच नामांकितांचे चेहरे एकाच वेळी दिसू लागतात. कागद फाटल्याचा आवाज ध्वनिक्षेपकातून येतो. नाव उच्चारले जाते. त्याच निमिषात एक चेहरा फुलतो आणि उरलेले चार टाळ्या वाजवू लागतात. पाहणाऱ्याची नजर जिंकणाऱ्यापेक्षा त्या चौघांवर अधिक रेंगाळते, आणि ते स्वाभाविक आहे. हरल्याचे दुःख चेहऱ्यावर उमटण्याआधी ते आवरण्याची जी धडपड दिसते, ती कसलेल्या नटालाही पुरती लपवता येत नाही. जिंकणारी व्यक्ती खुर्चीवरून उठते, शेजारच्याला मिठी मारते, काही पावलांत पायऱ्यांपाशी पोहोचते. या वाटेवर तिला काय बोलायचे ते आठवत असते किंवा विसरत असते, आणि आपल्याला ते दिसत असते. समारंभ आधी चित्रित करून, कापून, टाळ्या व हशा सोयीने जोडून नंतर दाखवला तर हीच चार-पाच सेकंदे निर्जीव होतात. निकाल ठाऊक असणे हे त्याचे एक कारण झाले. दुसरे कारण असे की, काही बिघडलेच असते तर ते कापले गेले असते, हेही प्रेक्षकाला ठाऊक असते.

बिघडण्याची ही शक्यता किती मोलाची आहे हे 26 फेब्रुवारी 2017 च्या रात्री दिसले. प्रत्येक पुरस्काराच्या लिफाफ्यांचे दोन संच केलेले असतात आणि ते रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना हिशेबतपासनीसांच्या हाती असतात, जेणेकरून सादरकर्ता कोणत्याही बाजूने आला तरी अडचण येऊ नये. त्या रात्री वॉरन बेटी आणि फे डनवे यांच्या हाती सर्वोत्कृष्ट चित्रपटाऐवजी आधीच देऊन झालेल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पुरस्काराचा दुसरा लिफाफा पडला. बेटी यांनी कार्ड वाचले, पाकिटात आणखी काही आहे का ते पाहिले आणि ते थबकले. त्यांचे हे घुटमळणे आज पुन्हा पाहिले तर सगळा उलगडा होतो. तेव्हा मात्र सभागृहाला तो उत्कंठा ताणण्याचा प्रकार वाटला. डनवे यांनी कार्डावर दिसलेले ‘ला ला लँड’ हे नाव वाचले. त्या चित्रपटाचे निर्माते रंगमंचावर येऊन आभार मानू लागले आणि त्यांच्या पाठीमागे धावपळ सुरू झाली. अखेर त्यांच्यापैकीच जॉर्डन होरोविट्झ यांनी ध्वनिक्षेपकापाशी येऊन ‘मूनलाइट’ जिंकल्याचे सांगितले आणि खरे कार्ड कॅमेऱ्यासमोर धरले. हातात आलेला पुरस्कार ज्याचा त्याला देताना त्यांनी जो सरळपणा दाखवला तो कोणत्याही पूर्वतयारीत बसणारा नव्हता. पुढच्या वर्षी लिफाफ्यांवर पुरस्काराचे नाव ठळक छापले गेले आणि सर्व निकाल जाणणारा तिसरा हिशेबतपासनीस नियंत्रण कक्षात बसवण्यात आला. चूक पुन्हा होऊ नये म्हणून हे योग्यच झाले.

भाषणे हा सोहळ्याचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत श्रीमंत भाग आहे. व्यवस्थापक, वकील, प्रसिद्धिप्रमुख आणि निर्मितीसंस्थेचे अधिकारी यांची नावे कागदावरून वाचली जातात तेव्हा बाहेरच्या माणसाला त्यात काहीच मिळत नाही. ऑस्करमध्ये भाषणासाठी 45 सेकंदांची मर्यादा असते आणि ती ओलांडल्यास वाद्यवृंद वाजू लागतो. 1943 मध्ये ग्रीअर गार्सन साडेपाच मिनिटांच्या आसपास बोलल्या होत्या आणि लांबलेल्या भाषणाचे उदाहरण म्हणून त्यांचे नाव अजूनही घेतले जाते. मात्र मर्यादा घड्याळाची असली तरी रस घड्याळावर अवलंबून नसतो. विजेती व्यक्ती एका माणसाशी बोलू लागली की ऐकणारे कोटी लोक आपोआप गप्प होतात.

1976 मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार घेताना लुईस फ्लेचर यांनी नेमके हेच केले. त्यांचे आईवडील कर्णबधिर होते आणि घरी बसून समारंभ पाहत होते. भाषणाच्या शेवटी फ्लेचर त्यांच्याशी हातांच्या खुणांनी बोलल्या आणि इतरांसाठी तेच शब्द तोंडाने उच्चारत गेल्या; त्यांचा आवाज कापत होता, हात स्थिर होते. 2022 मध्ये ट्रॉय कोट्सर हे अभिनयाचा ऑस्कर मिळवणारे पहिले कर्णबधिर पुरुष ठरले. सादरकर्त्या युन यो-जंग यांनी त्यांचे अभिनंदन खुणांच्या भाषेत केले, मग कोट्सर यांना बोलायला दोन्ही हात मोकळे हवेत हे ओळखून त्यांच्या हातातली पुरस्काराची बाहुली स्वतःकडे घेतली आणि ते बोलून होईपर्यंत त्या बाजूला उभ्या राहिल्या. सभागृहाने टाळ्यांऐवजी हात उंचावून बोटे हलवली. त्याच रात्री विल स्मिथ यांनी क्रिस रॉक यांना रंगमंचावर थोबाडीत मारली आणि दुसऱ्या दिवशी जगभर चर्चा झाली ती तिचीच. ज्यांनी पूर्ण प्रक्षेपण पाहिले त्यांच्याकडे मात्र त्या रात्रीची दुसरी आठवणही आहे. सोहळा तुकड्यांत न पाहता सलग पाहावा असे म्हणण्याला याहून चांगला आधार देता येणार नाही.

सूत्रसंचालकाचे काम आरंभीच्या विनोदी भाषणावरून तोलले जाते, पण त्याची खरी परीक्षा पहिल्या तासानंतर होते. लिहून आणलेले विनोद तोवर संपत आलेले असतात आणि संध्याकाळीच काही नवे घडलेले असते. 30 मार्च 1992 रोजी 73 वर्षांच्या जॅक पॅलन्स यांनी सहायक अभिनेत्याचा पुरस्कार घेतल्यावर रंगमंचावरच एका हातावर जोर काढून दाखवले. सूत्रसंचालक बिली क्रिस्टल यांनी तो धागा उचलला आणि पुढे रात्रभर, दर थोड्या वेळाने, पॅलन्स आता कोणता नवा पराक्रम करीत आहेत याच्या बातम्या दिल्या. तीन तासांच्या सुट्या सुट्या घटनांना त्यामुळे एक सूत्र मिळाले. याच रात्री सत्यजित राय यांना मानद पुरस्कार देण्यात आला. कोलकात्यातील रुग्णालयात खाटेवर पडूनच, हातात बाहुली धरून, त्यांनी बोललेले मनोगत चित्रफितीवरून दाखवले गेले. त्यानंतर 24 दिवसांनी, 23 एप्रिल रोजी, त्यांचे निधन झाले. इतके दूरचे दोन सूर एका रात्रीत पेलणे हे सूत्रसंचालकाचे कौशल्य असते. बॉब होप यांनी ही जबाबदारी 19 वेळा, एकट्याने किंवा इतरांसह, सांभाळली. 2019 ते 2021 ही तीन वर्षे ऑस्करला सूत्रसंचालकच नव्हता. कार्यक्रम त्याविनाही पुढे सरकतो हे त्यातून सिद्ध झाले, पण घडलेल्या गोष्टीवर प्रेक्षकाच्या वतीने बोलणारे कोणी उरले नाही.

प्रेक्षकाला न दिसणारा पण सर्वांत प्रभावी माणूस नियंत्रण कक्षात बसलेला दिग्दर्शक असतो. कोणाच्या बोलण्यावर कोणाचा चेहरा दाखवायचा हे तो क्षणात ठरवतो आणि ती निवड हेच अनेकदा भाष्य ठरते. 1999 मध्ये दिग्दर्शक एलिया कझान यांना मानद पुरस्कार मिळाला. 1952 मध्ये अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे त्यांनी कम्युनिस्ट म्हणून सहकाऱ्यांची नावे घेतली होती, त्यामुळे अर्धे सभागृह उभे राहिले, काही जण बसूनच टाळ्या वाजवत राहिले आणि काहींनी हात बांधून ठेवले. कॅमेरा या तिन्ही प्रकारच्या चेहऱ्यांवरून फिरला; एका शब्दाच्याही निवेदनाविना जवळजवळ अर्ध्या शतकाचे भांडण दिसले. 2020 मध्ये बोंग जून-हो यांनी दिग्दर्शनाचा पुरस्कार घेताना, त्याच पुरस्काराच्या स्पर्धेत असलेल्या मार्टिन स्कोर्सेसी यांचे ऋण मान्य केले. कॅमेरा तत्काळ स्कोर्सेसी यांच्याकडे वळला, सभागृह त्यांच्यासाठी उभे राहिले आणि हरलेल्या माणसाचा त्या रात्रीतला सर्वांत मोठा सन्मान झाला. त्या वेळी कॅमेरा बोंग यांच्यावरच थांबला असता तर हा प्रसंग घडूनही प्रेक्षकांना दिसला नसता.

कार्यक्रम लांबतो ही जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. 2002 चा समारंभ 4 तास 23 मिनिटे चालला. मात्र त्यावर हमखास सुचवला जाणारा उपाय, म्हणजे ध्वनी, संकलन, रंगभूषा यांसारख्या विभागांचे पुरस्कार प्रक्षेपणाबाहेर काढणे, हा रोगापेक्षा भयंकर म्हणावा लागेल. 2022 मध्ये आठ विभागांचे पुरस्कार आधी देऊन त्यांची संकलित दृश्ये मधूनमधून दाखवण्यात आली, तरी प्रक्षेपण 3 तास 40 मिनिटांपर्यंत गेलेच. वेळ वाचला नाही आणि ज्यांच्या कामावर हा व्यवसाय उभा आहे त्यांना मागच्या दाराने नेल्याची भावना मात्र पसरली. पुढच्या वर्षी सर्व 23 पुरस्कार पुन्हा थेट देण्यात आले. नामवंतांना भाषणांची सवय असते. वर्षानुवर्षे अंधाऱ्या खोलीत बसून पावलांचे आवाज जुळवणाऱ्या तंत्रज्ञाला मात्र आयुष्यात बहुधा एकदाच हा प्रकाश मिळतो, आणि त्याचा आनंद प्रेक्षकाला अधिक खरा वाटतो. त्यासोबत ध्वनिसंयोजन म्हणजे काय हे एखाद्या नेमक्या दृश्याच्या आधारे अर्ध्या मिनिटात दाखवले, तर प्रेक्षक पुढचा चित्रपट वेगळ्या कानांनी ऐकतो.

रेड कार्पेटवरील पोशाख, नामांकित गीतांचे सादरीकरण आणि दिवंगतांचे स्मरण हे इतर ठरलेले घटक होत. यांपैकी स्मरणाचा भाग, जो ऑस्करमध्ये 1994 पासून नियमित झाला, विशेष जपण्यासारखा आहे. तिथे गायकाला दाखवण्याच्या नादात कॅमेरा मागे गेला आणि मृतांची नावे वाचता आली नाहीत, तर तो दोष अक्षम्य समजावा.

प्रेक्षकाचे मन गुंतण्यासाठी त्याने स्पर्धेतले चित्रपट पाहिलेले असणे सर्वांत उपयोगी पडते. 1998 मध्ये ‘टायटॅनिक’ या अफाट लोकप्रिय चित्रपटाला 14 नामांकने होती आणि त्याने 11 पुरस्कार जिंकले. त्या रात्री एकट्या अमेरिकेत साडेपाच कोटींहून अधिक लोकांनी समारंभ पाहिला. 2021 मध्ये, महासाथीमुळे चित्रपटगृहे दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, हा आकडा एक कोटीच्या आसपास आला.

त्याच 2021 च्या समारंभात पुरस्कारांचा क्रमही बदलण्यात आला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार प्रथेप्रमाणे शेवटी न ठेवता सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार शेवटी घेतला गेला, तेव्हा दिवंगत चॅडविक बोसमन यांना तो मिळेल आणि भावपूर्ण समारोप होईल अशी अनेकांची अटकळ होती. लिफाफ्यातून अँथनी हॉपकिन्स यांचे नाव निघाले. ते समारंभाला आलेले नव्हते. रंगमंचावर येणारे कोणी नव्हते, भाषण नव्हते. सादरकर्ते वाकीन फिनिक्स यांनी अकॅडमीतर्फे पुरस्कार स्वीकारल्याचे सांगितले आणि प्रक्षेपण अर्ध्यात तुटल्यासारखे संपले. पुढच्या वर्षीपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा लिफाफा पुन्हा सर्वांत शेवटी उघडला जाऊ लागला.