गिरणी मुंबईत, तिचा भार कोकणावर

मुंबईच्या कापडगिरण्यांची हकिगत सांगताना 1854 साल, कावसजी नानाभाई दावर आणि ताडदेवची पहिली गिरणी यांचा उल्लेख हमखास होतो. त्या गिरण्या चालवायला रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतून एवढी माणसे का आली, हे मात्र ‘कोकणात पिकत नाही’ एवढ्यावर उरकले जाते. जमीन वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी, भात वर्षभर पुरत नाही, हे खरे आहे. पण जे पिकत होते ते कुणाच्या घरी जात होते, हेही विचारायला हवे.

गावावर खोताचा अंमल होता. सरकारचा सारा तो भरायचा आणि कुळाकडून भातजमिनीवर अर्धेल (पिकाचा अर्धा वाटा), वरकसवर तिर्धेल (तिसरा वाटा) घ्यायचा. त्यावर वेठ, म्हणजे फुकट राबवणे, वेगळी. 1880 च्या खोती कायद्याने हे संबंध लेखी झाले, पण मोडले नाहीत. घरात रोख पैसा हवा तर गावाबाहेर पडायचे, हाच एक मार्ग होता. गिरण्यांआधी हा पैसा फौजेतून येई. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत कोकणची माणसे मोठ्या संख्येने होती. दापोली तर पेन्शनरांचे गाव म्हणून ओळखले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा महाडजवळच्या रावढळचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी सरकारकडे अर्ज करून दाद मागितली. चाकरीसाठी घर सोडण्याची सवय कोकणाला आधीच लागली होती. गिरणीने तिचा फायदा घेतला.

वाट समुद्राची. विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी, दाभोळ, हर्णै इथून आगबोटीने मुंबई गाठायची.

मुंबईत उतरल्यावर गावच उपयोगी पडे. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली, खानावळीतले जेवण आणि ओळखीच्या जॉबरमार्फत, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमामार्फत, गिरणीत शिरकाव. ही गावकी माणसाला सांभाळत होती, पण जातही सोबत घेऊन आली होती. विणकाम खात्यात पगार बरा, तिथे महारांना घेत नसत. धोट्यात (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात) सुताची नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याचा विटाळ सवर्ण कामगारांना चालत नसे. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांना याबद्दल जाब विचारला. मजूर म्हणून एक व्हा, असे सांगणाऱ्या चळवळीने हा प्रश्न इतका उशिरा हाती घ्यावा, याचे मला आजही वाईट वाटते.

कोकणच्या बायकांबद्दल मात्र अजूनही कमी लिहिले गेले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत दर हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया होत्या, तर रत्नागिरी जिल्ह्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त. राब भाजणे (पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजणे), लावणी, कापणी, गुरे, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचे दुखणे, मुलांना वाढवणे, सगळे त्यांच्या अंगावर. डाकखात्याने 1880 मध्ये मनिऑर्डर सुरू केली. ती आली की वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज भागायचे; जमिनीत घालायला पैसा क्वचितच उरायचा. गिरणीमालक पगार देत होता तो खोलीत राहणाऱ्या एकट्या पुरुषाच्या बेताचा. त्या पुरुषाला लहानाचा मोठा कुणी केला, आजारी पडला तर तो कुठे जाणार, म्हातारपणी त्याला कोण पोसणार, हा खर्च गिरणीच्या हिशेबात कधी आलाच नाही. तो कोकणच्या घरांनी उचलला. मुंबईचे भांडवल उभे राहिले त्यात या न दिलेल्या मजुरीचा मोठा वाटा आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

हेच घर संपातही कामी आले. 1928 चा संप सहा महिने चालला. इतके दिवस पगाराविना काढता आले, कारण हजारो कामगार गावी जाऊन शेतीवर राहिले. उलट, मुंबईत शिकलेली संघटना गावीही पोचली. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून सहा वर्षे खोतांची जमीन पडीक ठेवली. 1937 मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले आणि पुढच्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मोर्चाने तिथे धडकले. कायदा व्हायला 1949 उजाडले.

खोती गेली, तरी मनिऑर्डरी चालूच राहिल्या. वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडले होते आणि मुंबईत जमलेला नफा कोकणात कारखाने काढायला फारसा आलाच नाही. देशातली पहिली प्रवासी रेल्वे 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेली. रत्नागिरी-सावंतवाडीमार्गे पूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली 1998 मध्ये. 1982 चा गिरणी कामगारांचा संप तोवर होऊन गेला होता, अनेक गिरण्या बंद होत्या, आणि गावी परतलेल्या कामगारांची मुले त्याच गाडीने पुन्हा मुंबईला नोकरी शोधायला निघाली होती.