मोबाइलच्या साहाय्याने उच्च रक्तदाबाचे स्वव्यवस्थापन (ग्रामीण विदर्भ)

उच्च रक्तदाबाच्या रुग्णाने घरी दाब मोजायचा, आकडा फोनवरून आरोग्य कर्मचाऱ्याला कळवायचा, गोळीची व फेरतपासणीची आठवण फोनवर घ्यायची आणि डॉक्टरांनी त्या आकड्यांवरून औषध कमी-जास्त करायचे, अशी ही पद्धत आहे. यात फोन स्वतः दाब मोजत नाही. कॅमेऱ्यावर बोट ठेवून ‘बीपी’ सांगणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नये. अमेरिकेत २०१६ साली तपासलेल्या अशा एका अ‍ॅपने दाब वाढलेल्या पाचपैकी जवळजवळ चार जणांना ‘नॉर्मल’ ठरवले होते. दंडाला पट्टा बांधायचे मशीन लागतेच. स्मार्टफोन मात्र लागतोच असे नाही. बहुतेक कामे बटणांच्या फोनवर भागतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशात १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के स्त्रिया व २४ टक्के पुरुष वाढलेल्या दाबाचे आहेत किंवा त्यासाठी औषध घेतात. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून सुरुवातीला जे जिल्हे निवडले गेले, त्यांत विदर्भातील भंडारा व वर्धा होते. या उपक्रमात परिचारिकांनी वापरलेले ‘सिंपल’ हे अ‍ॅप रेंज नसतानाही नोंद घेते आणि तारीख उलटूनही न आलेल्या रुग्णांची यादी फोन करण्यासाठी समोर ठेवते. हे अ‍ॅप कर्मचाऱ्याच्या हातातले झाले; रुग्णाच्या हातातला फोन हा त्याच साखळीचा दुसरा आणि अधिक दुर्लक्षित भाग आहे.

फायदा नेमका कशाने होतो, हे इंग्लंडमध्ये १,१८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. वर्षअखेर नेहमीच्या उपचारातील गटाचा वरचा दाब सरासरी १४०.४, घरी मोजणाऱ्यांचा १३७ आणि घरी मोजून एसएमएसने कळवणाऱ्यांचा १३६ मिमी (पाऱ्याचे मिलिमीटर, दाब मोजायचे एकक) होता. दोन्ही घरगुती गटांत डॉक्टर त्या आकड्यांवरून औषध ठरवत होते. केवळ आठवणीचे व माहितीचे एसएमएस पाठवले, तर पदरात कमी पडते: केपटाउनमधील १,३७२ रुग्णांच्या चाचणीत फरक जेमतेम २ मिमीचा होता. म्हणजे पाठवलेला आकडा पाहून कोणी औषध बदलत नसेल, तर सगळी यातायात वाया जाते.

मोजणी

मशीन दंडाचे, स्वयंचलित हवे. मनगटाचे टाळावे. ब्लूटूथसाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही. सोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. शेतमजुरी करणाऱ्या कित्येक बायांचा दंड त्याहून बारीक असतो; त्यांना हा पट्टा मोठा पडून आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. जाड दंडाला उलट, जास्त दिसतो. म्हणून मशीन घेण्याआधी शिंप्याच्या टेपने दंड मोजावा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण), बिडी नको. लघवी करून यावे आणि पाच मिनिटे शांत बसावे. खाटेवर बसल्यास पाठीला आधार मिळत नाही, पायावर पाय टाकला तर दाब वाढतो. पाठ टेकेल अशी प्लास्टिकची खुर्ची, पाय जमिनीवर आणि हात स्टुलावरच्या उशीवर छातीच्या पातळीत, ही बैठक घरोघर जमते. हात छातीच्या १० सेंमी खाली लोंबत असेल तर आकडा ७-८ मिमीने फुगतो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटे वर. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली की ती दंडाला आवळते, म्हणून मोजायच्या दिवशी ढिली बाही घालावी. मशीन चालू असताना बोलू नये. पहिल्या वेळी दोन्ही हात मोजून पुढे जास्त आकड्याचा हात धरावा.

सात दिवस, सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा व संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून मोजावे. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. दवाखान्यात वाढलेल्या दाबाची रेघ १४०/९० असते, घरी ती १३५/८५ धरतात. महिन्याचा पहिला आठवडा ठरवून घेतला की बाकीचे दिवस मशीनला हात लावायचे कारण उरत नाही. दिवसातून दहा वेळा मोजणारे रुग्ण घाबरतात आणि घाबरल्याने आकडा आणखी चढतो.

आकडा कळवणे

पडद्यावर तीन आकडे असतात: वरचा दाब, खालचा दाब आणि नाडी. फोनवर सांगताना सर्वांत जास्त चूक इथे होते: १५८, ९४, ७२ असे दिसत असताना ‘वर १५८, खाली ७२’ असे सांगितले जाते, म्हणजे नाडी खालच्या दाबाच्या जागी जाते. त्यामुळे ऐकणाऱ्याने तिन्ही आकडे विचारावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पडद्याचा फोटो हा चांगला मार्ग आहे. पण पेन्सिल सेल बदलल्यावर बऱ्याच मशीनचे घड्याळ मूळपदावर जाते आणि फोटोत भलतीच तारीख येते. शेजारीपाजारी मोजून जातात, त्यामुळे मशीनच्या मेमरीतली सरासरीही भरवशाची नसते. साधी वही सोबत असावीच. वर्षातून एकदा मशीन उपकेंद्रात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून पाहावे.

आकडा कोणाकडे जाणार आणि उत्तर कधी येणार, हे आधी ठरलेले हवे. गावपातळीवर आशाताई आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी हा सोयीचा टप्पा आहे. तेथून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर डॉक्टरांशी बोलता येते. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (दुरून वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक सूचनांनुसार आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला डॉक्टर फोनवरून चालू गोळ्या पुन्हा लिहून देऊ शकतात व त्याच आजारासाठी गोळी वाढवू शकतात. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीच्या ५ मिग्रॅ मात्रेवर असलेल्या रुग्णाची आठवड्याची सरासरी १४८/९२ आली, तर ‘काळजी घ्या’ हे उत्तर होत नाही. पायावर सूज आहे का, गोळ्या खरोखर घेतल्या का, हे विचारून पुढची पायरी ठरवावी लागते.

आठवण

फोनमधला अलार्म ही सर्वांत स्वस्त सोय. रिचार्ज संपला, रेंज गेली तरी तो वाजतो. कापूस वेचणीच्या दिवसांत माणूस सकाळीच शेतात जातो, म्हणून अलार्म निघण्याआधीचा लावावा. दहाचा अलार्म घरात वाजतो आणि गोळी डब्यात राहते.

मराठी एसएमएसला जागा कमी मिळते. रोमन लिपीत १६० अक्षरे बसतात तिथे देवनागरीत ७०, आणि काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. ‘सकाळची बीपीची गोळी घेतली का? संपत आली असल्यास आशाताईंना सांगा.’ हा संदेश ६२ चिन्हांचा, एकात बसतो. लांबला की दोन संदेशांचा खर्च येतो. सामूहिक एसएमएससाठी पाठवणाऱ्याचे नाव व मजकूर आधी दूरसंचार कंपनीकडे नोंदवावा लागतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाजी कॉल बरा, तोही संध्याकाळी घरी असताना. तो वऱ्हाडीत असेल तर लोक पूर्ण ऐकतात. मेळघाटात कोरकू लागते.

नोंदवहीतला नंबर बहुतेकदा मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो, आणि मुलगा पुण्यात कामाला असू शकतो. तेव्हा नंबरासोबत तो कोणाचा, फोन घरी कधी असतो आणि आजाराबद्दल त्या माणसाशी बोलायची परवानगी आहे का, हे लिहावे. सिम बदलतात, म्हणून हे दर भेटीत पुन्हा विचारावे.

स्थानिक अडचणी

एप्रिल-मेच्या उन्हात दाब थोडा उतरतो. ‘बीपी गेला’ म्हणून गोळी बंद केली जाते आणि थंडीत तो परत चढतो. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्याला उन्हात उभे राहताना चक्कर येत असेल, तर तो फोन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवा. अंगदुखीवर दुकानातून घेतलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी दाब वाढवते, टेलमिसार्टन या बीपीच्या गोळीसोबत मूत्रपिंडालाही जड जाते. आकडा अचानक वाढला तर गोळीची मात्रा वाढवण्याआधी हा प्रश्न विचारावा. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. पापड, कुरडया, लोणचे, ठेचा त्यातच मोजायचे.

वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे आला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजावा. तसाच राहिला तर त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा बोबडे बोलणे यांपैकी काही असेल तर फोटो पाठवत बसू नये, १०८ लावावा. नाडी अनियमित असलेल्यांत घरगुती मशीन चुकीचे आकडे देऊ शकते. गरोदर स्त्रीला ही पद्धत जशीच्या तशी लागू नाही: १४०/९० दिसताच तिला त्याच दिवशी तपासावे लागते, आणि टेलमिसार्टन गरोदरपणात चालत नाही.