पोलिश भाषा : परभाषा म्हणून अध्ययन

पोलिश ही मातृभाषा नसलेल्यांनी ती शिकण्याच्या विविध पद्धती. पोलंडमध्ये या अभ्यासशाखेला ‘येंझिक पोल्स्की याको ओप्त्सी’ (परकी भाषा म्हणून पोलिश) म्हणतात. परदेशी वाढलेल्या पोलिश वंशाच्या मुलांचे शिक्षण हल्ली तिच्यापासून वेगळे धरतात. ही मुले घरी ऐकलेली भाषा घेऊन वर्गात येतात. त्यांची अडचण बोलण्यात कमी आणि लिहिण्यात जास्त असते.

परकीयांच्या पोलिश उच्चारांचा एक जुना व विदारक उल्लेख क्राको शहराच्या इतिहासात सापडतो. तेथील जर्मन नागरिकांनी वुयत (नगरप्रमुख) अल्बर्ट याच्या पुढाकाराने १३११-१२ मध्ये राजा व्वादिस्वाव वोक्येतेक याच्याविरुद्ध बंड केले. ते मोडल्यावर संशयितांना ‘सोचेवीत्सा, कोवो, म्येले, म्वीन’ (मसूर, चाक, दळतो, गिरणी) हे चार शब्द म्हणायला लावले आणि ज्यांची जीभ अडखळली त्यांना ठार केले, असे एका वार्षिकवृत्तात नमूद आहे. येथे दिलेले उच्चार आजचे आहेत. कोवो व म्वीन यांमधील ‘व’च्या जागी त्या काळी जाड ‘ल’ होता. शिक्षेच्या व्याप्तीविषयी सावध राहिलेले बरे. पण शब्दांची निवड भाषेची पक्की जाण असलेल्याची आहे. जर्मनभाषकाला अडणारे ध्वनी त्यांत नेमके एकत्र आले आहेत.

पहिले पोलिश पाठ्यपुस्तक कोणते, हे ‘पाठ्यपुस्तक’ कशाला म्हणायचे यावर ठरते. शब्दसंग्रह धरला, तर म्युर्मेलियस या डच पंडिताच्या लॅटिन कोशाची जर्मन व पोलिश अर्थांसह क्राकोत १५२६ मध्ये निघालेली आवृत्ती पुढे येते. मात्र तिचा मूळ हेतू लॅटिन शिकवण्याचा होता. १५३९ च्या सुमारास क्राकोतच पोलिश-जर्मन संभाषणपुस्तिका छापल्या गेल्या. बाजारात, प्रवासात, मुक्कामाच्या ठिकाणी लागणारी वाक्ये त्यांत शेजारीशेजारी दिलेली असत. पोलिश शिकणाऱ्यासाठी केलेले पहिले पुस्तक हा मान या पुस्तिकांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. नियमबद्ध व्याकरण मात्र १५६८ मध्ये आले. ‘पोलोनिके ग्रामातिकेस इन्स्तितुत्सिओ’ हे लॅटिनमधील व्याकरण प्येर स्तातोरियस या फ्रेंच माणसाचे. तिओंव्हिलहून आलेला हा कॅल्व्हिनपंथी (प्रोटेस्टंट) शिक्षक पिंचूफ येथील शाळेत शिकवीत असे. पुढे त्याने स्तोयेन्स्की हे पोलिश आडनाव घेतले. स्वतः ही भाषा परकी म्हणून शिकलेल्या माणसाने तिचे पहिले छापील व्याकरण लिहावे आणि त्यातील उदाहरणे समकालीन कवी मिकोवाय रेय याच्या लेखनातून घ्यावीत, ही बाब फार मोलाची आहे. मातृभाषकाला नियम दिसत नाहीत, परक्याला पावलोपावली ठेच लागते आणि त्या ठेचांतूनच व्याकरण तयार होते. १६४९ मध्ये ग्दान्स्क येथे व्याकरण छापणारा मेनिन्स्की हाही मूळचा परका, लोरेनचा (आजच्या फ्रान्समधील प्रदेश). पुढे तो तुर्की भाषेचा नामांकित कोशकार झाला.

ग्दान्स्कमध्ये जर्मनभाषक व्यापाऱ्यांच्या मुलांना पोलिश येणे पोटापाण्यासाठी आवश्यक होते. तेथील शिक्षक निकोलाउस फोल्कमार याने १५९४ मध्ये व्याकरण लिहिले. त्याचे चाळीस संवादांचे पुस्तक १६१२ चे आहे. नियम व संवाद ही दुहेरी वाट पुढे दीर्घकाळ टिकली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या अध्ययनाला संस्थात्मक रूप आले. वूच विद्यापीठात १९५२ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी पोलिशचे अध्ययनकेंद्र सुरू झाले आणि वॉर्सा विद्यापीठात १९५६ मध्ये ‘पोलोनिकुम’. वूचच्या केंद्रात वर्षभर भाषा शिकून विद्यार्थी पोलिश विद्यापीठांत दाखल होत. येथे बोलीबरोबर गणित, भौतिकी, रसायन या विषयांची परिभाषाही शिकवावी लागे. क्राको, लुब्लिन इत्यादी ठिकाणचे उन्हाळी वर्ग, शिकवणी, भ्रमणध्वनीवरील अ‍ॅप हे इतर मार्ग सर्वपरिचित आहेत.

पद्धती कोणतीही असो, विभक्ती कोणत्या क्रमाने शिकवायच्या हा कळीचा प्रश्न आहे. पोलिशमध्ये सात विभक्ती आहेत. जुनी व्याकरणे कोष्टकाच्या क्रमाने जात. संवादप्रधान पुस्तके बहुधा तृतीयेसारखी विभक्ती (नाझेंद्निक) आधी घेतात, कारण ‘येस्तेम स्तुदेन्तेम’ (मी विद्यार्थी आहे) हे पहिल्याच आठवड्यात लागणारे वाक्य तिच्यावाचून होत नाही. त्यानंतर कर्माची विभक्ती येते आणि मग षष्ठी. षष्ठीचा विस्तार मोठा आहे. ‘माम चास’ म्हणजे माझ्याकडे वेळ आहे. नकार येताच ते ‘न्ये माम चासू’ होते, म्हणजे वेळेला षष्ठी लागते. संख्यांचेही तसेच. ‘द्वा कोती’ (दोन मांजरे) झोपतात, ते क्रियापद अनेकवचनी. पण ‘प्येंच कोतूफ श्पी’ याचा शब्दशः अर्थ ‘पाच मांजरांचे झोपतो’ असा: नाम षष्ठीत, क्रियापद एकवचनात. हा नियम सूत्ररूपाने सांगण्यापेक्षा किलो, झ्वोती (पोलिश चलन), लागलेले तास अशा रोजच्या मोजणीतून रुजवणे अधिक फलदायी ठरते.

मराठीभाषकाला ध्वनींच्या बाबतीत एक सोय आहे आणि तिचा उपयोग करून घ्यायला हवा. पोलिशमध्ये ‘च’च्या जातीचे तीन ध्वनी आहेत. ‘चार चाके’ म्हणताना आपण त्यांतले दोन सहज उच्चारतो: ‘चार’मधील तालव्य आणि ‘चाक’मधील दंततालव्य. ‘जीव’ आणि ‘जागा’ यांतील ‘ज’चेही तसेच. इंग्रजीभाषकाला हा तालव्य ध्वनी मुद्दाम कमवावा लागतो. तिसऱ्या, जीभ मागे घेऊन उच्चारल्या जाणाऱ्या ‘च’साठी मात्र आपल्यालाही मेहनत आहे. त्याला मूर्धन्य म्हणावे की नाही याविषयी ध्वनिवैज्ञानिकांत एकमत नाही. मराठी विद्यार्थ्याने तो मूर्धन्य समजून शिकणे सोयीचे. ‘श’ आणि ‘ष’ हा लिपीत उरलेला, बोलण्यात बहुतेक मावळलेला भेदही पोलिशमध्ये जिवंत आहे. तीन लिंगे, विभक्ती आणि आदरार्थी संबोधन (पुरुषाला ‘पान’, स्त्रीला ‘पानी’, दोन्हींसोबत तृतीयपुरुषी क्रियापद) यांचा धक्का बसत नाही. क्रियापदाची पूर्ण व अपूर्ण जोडी, जसे ‘पिसाच’ (लिहीत असणे) व ‘नापिसाच’ (लिहून पुरे करणे), ‘लिहिणे’ व ‘लिहून टाकणे’ यांच्या आधाराने समजावता येते, पण साम्य थोडेच आहे.

स्लाव्हिक (पोलिशच्याच कुळातील) भाषकांची अडचण वेगळी, जवळिकीची. २०२२ नंतर पोलंडमध्ये युक्रेनियन विद्यार्थ्यांची संख्या फार वाढली. त्यांना ऐकलेले लवकर कळते, पण पोलिश ‘ओवोत्से’ म्हणजे फळे, तर युक्रेनियन ‘ओवोची’ म्हणजे भाज्या; पोलिश ‘दिवान’ हा गालिचा, युक्रेनियन ‘दिवान’ हा कोच. अशांसाठी फसव्या शब्दांवर भर देणारा वेगळा पाठ्यक्रम लागतो.

पोलिश ज्ञानाच्या प्रमाणपत्रासाठी २००३ मध्ये राज्य आयोग नेमला गेला आणि २००४ पासून परीक्षा सुरू झाल्या. श्रवण, व्याकरण, वाचन, लेखन व संभाषण असे तिचे पाच भाग असतात. नागरिकत्वाला मान्यता मिळवण्यासाठी सामान्यतः किमान बी१ (मध्यम) पातळी लागते, त्यामुळे अनेक प्रौढ शिकणाऱ्यांचा अभ्यास परीक्षेभोवती फिरतो.

भारतात दिल्ली विद्यापीठाच्या स्लाव्होनिक व फिनो-उग्रियन अध्ययन विभागात पोलिश शिकवली जाते. महाराष्ट्रात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. तेथील शाळांत पोलिश मातृभाषा म्हणून शिकवली जाई, म्हणून त्या काटेकोरपणे या नोंदीच्या कक्षेत येत नाहीत.