ढोल कुणाच्या हाती? ड्रम सर्कलची पार्श्वभूमी

ड्रम सर्कल म्हणजे काय, असं विचारलं की बडोद्यातली मराठी माणसं आधी गरबा म्हणतात, मग थोडं थांबून भजन म्हणतात. दोन्ही उत्तरं अर्धी बरोबर आहेत. खुर्च्या गोल मांडलेल्या असतात, प्रत्येकापुढे काहीतरी वाजवायला ठेवलेलं असतं आणि मध्ये एक जण उभा असतो. प्रेक्षकांसाठी वेगळी रांग नसते. चाकाच्या खुर्चीतले काका, डाउन सिंड्रोम असलेली मुलगी आणि तिची आई, ऐकू न येणारा कॉलेजातला पोरगा, बँकेतून निवृत्त झालेल्या काकू, सगळे एकाच वर्तुळात. 'मला वाजवता येत नाही' ही सबब इथं चालत नाही, कारण येणं अपेक्षितच नाही.

दांडिया बाजारातल्या एका छोट्या सभागृहात अशा वर्तुळाला मी अधूनमधून मदत करतो. दर वेळी कुणीतरी मोठ्या आदरानं म्हणतं, की ही आफ्रिकेतली हजारो वर्षांची परंपरा आहे. तसं ते नाही. ड्रम सर्कलमध्ये हमखास दिसणारा जेंबे मूळचा माली-गिनी भागातल्या मांदे लोकांचा. एकाच खोडातून कोरलेलं भांडं, वर बकऱ्याचं कातडं. पण तिकडे जेंबे वाजवणं हे शिकून, गुरूपाशी राहून कमवायचं काम आहे. बरोबरीच्या दुंदुन ढोलांचे बोल ठरलेले असतात, नाचणाऱ्याच्या पावलाला उत्तर द्यायचं असतं. तिथं कुणीही उठून थाप मारायला बसणं म्हणजे आपल्याकडे तबल्याच्या मैफिलीत पाहुण्यानं डग्ग्यावर हात टाकण्यासारखंच. कुणीही येऊन वाजवावं ही कल्पना विसाव्या शतकातल्या अमेरिकेची. आणि ती अमेरिकेत जन्मली याला कारण आहे. ढोल हिसकावून घेण्याचा अनुभव त्या भूमीत फार खोलवर रुजलेला होता.

1739 मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं. बंडखोर ढोल वाजवत निघाले, वाटेत आणखी माणसं येऊन मिळाली. पुढच्याच वर्षीच्या, 1740 च्या कायद्यानं गुलामांना ढोल आणि शिंग बाळगायला बंदी झाली. लांबवर निरोप पोचवणारं वाद्य मालकांना परवडणारं नव्हतं. न्यू ऑर्लिन्सचं चित्र वेगळं. तिथं 1817 च्या हुकमानं गुलामांच्या जमण्यावर बंधनं आली. रविवारी, ठरवून दिलेल्या एकाच मैदानात. तेच काँगो स्क्वेअर. 1819 मध्ये बेंजामिन लाट्रोब हे वास्तुविशारद तिथून जात होते. आवाज कसला म्हणून ते वळले आणि पाच-सहाशे माणसं गोल गोल घोळक्यांत जमून ढोल वाजवताना त्यांनी पाहिली. त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण नोंद मात्र त्यांनी बारकाईनं करून ठेवली.

पुढचा मोठा टप्पा एका माणसाचा. बाबातुंडे ओलातुंजी, जन्म 1927, नायजेरियातले. 1950 मध्ये शिष्यवृत्तीवर अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात आले. 1960 साली कोलंबिया कंपनीनं काढलेल्या त्यांच्या तबकडीनं आफ्रिकी ढोल अमेरिकेच्या दिवाणखान्यात नेला. त्याच दशकात त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये केंद्र काढलं आणि शेजारपाजारच्या पोरांना शिकवायला बसले. नागरी हक्कांच्या चळवळीचे ते दिवस. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांच्या पूर्वजांच्या हातून ढोल काढून घेतला होता, त्यांच्या हाती तो परत येत होता. मग हिप्पी आले, समुद्रकिनाऱ्यांवर आणि बागांमध्ये रात्र रात्र बेबंद वाजवणं सुरू झालं. त्यात मजा असेल, पण ज्याचा हात जड त्याचाच आवाज मोठा, बाकीचे गप्प. दहीहंडीच्या गल्लीत उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

या गोंधळातून मार्ग काढला आर्थर हल यांनी. कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझला ढोल शिकवता शिकवता त्यांनी मध्ये उभं राहणाऱ्या माणसाचं, म्हणजे फॅसिलिटेटरचं काम बांधून काढलं. सगळ्यांनी मिळून गडगडाट करायचा आणि हाताच्या खुणेनं एकदम थांबायचं. अर्धं वर्तुळ वाजतं ठेवून उरलेल्यांनी ऐकायचं. एकानं बोल टाकायचा, बाकीच्यांनी झेलायचा. फक्त घुंगरू-खुळखुळे, मग फक्त खालच्या आवाजाचे ढोल. हल यांचं मुख्य सूत्र मात्र वेगळंच आहे. वर्तुळ स्वतःच्या पायावर उभं राहिलं की मधल्या माणसानं वाटेतून बाजूला व्हायचं. नव्या फॅसिलिटेटरला सगळ्यात जड जातं ते हेच. हातवारे करायला चटकन जमतं, हात खाली ठेवायला वर्षं लागतात.

सर्व प्रकारच्या क्षमतांच्या लोकांसाठी जे वर्तुळ चालतं, त्याचा दुसरा झरा इंग्लंडमधला. माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा, पण ड्रम सर्कलच्या गप्पांत त्याचं नाव क्वचितच निघतं. 1959 च्या सुमारास अमेरिकन संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि विशेष मुलांचे शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स हे वूस्टरशरमधल्या सनफील्ड या मुलांच्या संस्थेत एकत्र आले. नॉर्डॉफ पियानोवर, मूल ढोल आणि झांजेपाशी. मुलानं ढोलावर जो काही ठोका मारला असेल, तो अडखळता असो की घाईचा, त्याच ठोक्याभोवती नॉर्डॉफ तिथल्या तिथं संगीत रचत. मुलानं वादकाच्या लयीत यायचं नाही, वादकानं मुलाच्या लयीत जायचं. आपल्याकडच्या तालमीची पार उलटी बाजू ही. आपल्याकडे गुरू ठेका धरतो आणि शिष्य त्यात बसला नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

1 ऑगस्ट 1991 रोजी अमेरिकी सिनेटच्या वृद्धांविषयीच्या समितीपुढे संगीत आणि वार्धक्य या विषयावर सुनावणी झाली. तिथं मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स बोलले, तसेच ग्रेटफुल डेड या बँडचे ढोलवादक मिकी हार्टही बोलले. अल्झायमरनं गप्प झालेल्या आजीपुढे ढोल वाजवला आणि तिनं आपलं नाव घेतलं, असं हार्ट सांगतात. वृद्धाश्रमांत आणि पुनर्वसन केंद्रांत ढोल न्यावेत, हा त्यांचा आग्रह होता. हे हार्ट म्हणजे आपल्या झाकीर हुसेन यांचे जुने साथीदार. 1991 मध्येच दोघांनी ओलातुंजी आणि घटमवाले विनायकराम यांच्यासह केलेल्या तबकडीला जागतिक संगीताचं पहिलं ग्रॅमी मिळालं.

वाद्यांचीही एक छोटी गोष्ट आहे आणि ती बडोद्याच्या पावसाळ्यात लगेच पटते. आषाढ लागला की कातड्याचा ढोल सैल पडतो, मग तो शेकायचा, ताणायचा, तासाभरानं पुन्हा तेच. 1957 मध्ये रेमो बेली यांनी ड्रमसाठी पॉलिस्टरचे पडदे विकणारी कंपनी काढली. हवा दमट असो, कोरडी असो, आवाज तोच. शिवाय थाप हलकी पडली तरी पडदा बोलतो, हे ज्यांच्या बोटांत ताकद कमी त्यांच्या दृष्टीनं मोठंच. कातड्याची गोडी मात्र त्यात नाही. पखवाज ऐकलेल्या कानाला ते प्लॅस्टिकच वाटतं आणि ते खरंच आहे.

याच कंपनीच्या पाठबळावर आरोग्यासाठी सामूहिक ढोलवादन पुढे आलं. डॉ. बॅरी बिटमन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये 111 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका विशिष्ट पद्धतीच्या ढोलसत्रानंतर रक्तातल्या काही रोगप्रतिकारक पेशी जास्त क्रियाशील झाल्याचं त्यात दिसलं. आता हा अभ्यास जाहिरातींतून अशा थाटात फिरतो, की ढोल वाजवा आणि आजार पळवा. ते 111 जण निरोगी होते. मोजमाप एका सत्राआधीचं आणि नंतरचं होतं. एवढ्यावरून कुणा आईला 'मुलगा बोलायला लागेल' असं सांगणं मला तरी पाप वाटतं. यायचं तर वाजवायला या, तेवढं पुरे.

बडोद्याचा स्वतःचा हिशोब 1886 पासून मांडायला हवा. त्या वर्षी सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं मौलाबक्ष यांनी गायनशाळा काढली. घराण्याच्या उंबऱ्याआड, गंडा बांधून मिळणारी विद्या फळ्यावर आणि पुस्तकात आली, ती लिहून ठेवायची लिपी आली. हीच गायनशाळा पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची झाली, आज सूरसागराजवळ तिची इमारत आहे. मौलाबक्ष यांचे नातू, बडोद्यातच वाढलेले गायक इनायत खान 1910 मध्ये अमेरिकेला निघाले. म्हणजे बडोद्याचं संगीत अटलांटिक ओलांडून गेलं ते ओलातुंजींच्या चाळीस वर्षं आधी. गायनशाळेनं दार उघडलं, यात शंका नाही. पण दाराच्या आत गेल्यावर शिकायचं होतं, परीक्षा द्यायची होती.

आणि आत कोण गेलं हेही पाहावं. दृष्टी नसलेल्या माणसाला आपल्या संगीतात नेहमीच जागा मिळाली. विष्णु दिगंबर पलुस्करांची नजर लहानपणी दत्तजयंतीच्या फटाक्यानं अधू झाली, म्हणूनच ते मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला गेले. 1896 मध्ये मिरज सोडल्यावर त्यांचा मुक्काम बडोद्यातही झाला. डोळे गेले तर गाणं, ही वाट समाजाला ठाऊक होती. पण ज्याचे हात वळत नाहीत, ज्याला ठेका लक्षात राहत नाही, जो मध्येच उठून ओरडतो, त्याच्यासाठी वाट नव्हती. संगीत त्याच्या वाट्याला आलंच तर दाराबाहेरून, ऐकण्यापुरतं.

दुसरी गोष्ट अवघड जागेची. ढोल, हलगी, संबळ वाजवणं हे आपल्याकडे ठरावीक समाजांच्या माथी मारलेलं काम होतं. मिरवणुकीपुढे त्यांचा ढोल हवा, पंगतीत ते नकोत. चामड्याला हात लावण्यावरून ठरलेली ही उतरंड विसरून 'ढोल सगळ्यांना जोडतो' म्हणणं सोपं आहे. अमेरिकेत ढोल काढून घेतला गेला, आपल्याकडे तो गळ्यात अडकवला गेला.

तरीही घरच्या म्हणाव्यात अशा दोन जागा आहेत. भजनी मंडळात टाळ कुणालाही मिळतो. लहान पोर असो, नवी सून असो, तिचा टाळ पुढे-मागे पडला तरी कुणी डोळे वटारत नाही. मृदंग मात्र जाणकाराकडेच. ड्रम सर्कलनं काय केलं, तर टाळाची मोकळीक मृदंगालाही दिली. दुसरी जागा गरब्याची. 2023 च्या डिसेंबरात युनेस्कोच्या यादीत गेलेला हा गरबा मुळात टाळ्यांचाच नाच आहे, बे ताली, त्रण ताली. पण गरब्याचं वर्तुळ फिरतं आणि ज्याला फिरता येत नाही तो कडेला जातो. ड्रम सर्कलचं वर्तुळ बसलेलं असतं. चाकाची खुर्ची त्यात आली की इतर खुर्च्यांसारखीच एक होते. आम्ही गरब्याचा सहा मात्रांचा ठेका, म्हणजे हींच, धरतो तेव्हा बडोद्यात वाढलेल्या माणसाला काही शिकवावं लागत नाही, मग तो मराठी असो की गुजराती.

उरलेलं काम सोयीचं, बारीकसारीक आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोलाचं. ज्याची मूठ आवळत नाही त्याच्या काठीला फोम गुंडाळायचा, नाहीतर पट्ट्यानं ती तळहाताला बांधायची. ढोल मांडीवर राहत नसेल तर स्टँडवर, खुर्चीच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर. ऐकू न येणाऱ्याला सर्वांत मोठ्या ढोलाशेजारी जागा, लाकडी फरशी असेल तर पायांत काही नको. जवळजवळ ऐकूच न येणाऱ्या स्कॉटिश वादक एव्हलिन ग्लेनी अनवाणी वाजवतात ते याचसाठी, कंपनं तळव्यांतून वर येतात. दिसत नसलेल्यांसाठी हाताची खूण निरुपयोगी, तिथं तोंडानं मोजायचं. स्वमग्न मुलांसाठी कान झाकणारे हेडफोन हवेत आणि दाराजवळची खुर्ची. शिवाय एकदम थांबायचं असेल तर ते आधी सांगून ठेवायचं, नाहीतर ती शांतताच त्यांना घाबरवते. सेरेब्रल पाल्सी असलेल्याचा हात उठून खाली यायला वेळ लागतो. लय तेवढी सावकाश ठेवली की तो ठोका उशिरा पडला असं वाटतच नाही.

कायद्यानंही हे आता मान्य केलंय. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. त्याच कायद्याच्या कलम 29 नुसार इतरांच्या बरोबरीनं सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याच्या हक्काचं रक्षण करणं ही सरकारची आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. आपल्या शहरातल्या किती सभागृहांना रॅम्प आहे, ते एकदा मोजून पाहा.

आमच्या वर्तुळात सगळ्यात जास्त त्रास होतो तो एका तबलाशिक्षकांना. चाळीस वर्षं शिकवण्यात गेलेली. सगळे वाजवत असतात, हींच मध्येच दुसरंच काहीतरी होते, कुणी थांबतं, कुणी हसत सुटतं आणि गुरुजी डोळे मिटून समेची वाट बघत बसतात. परवा शेजारच्या मुलीनं त्यांच्या गुडघ्यावर थोपटून त्यांना खूण केली. त्यांनी डोळे उघडले, तिचा ठोका कुठं पडतोय ते बघितलं आणि आपली थाप त्यावर ठेवली.